आज हवामान कसंय?

सकाळी साडेनऊ-पावणेदहाला माझा फोन वाजायचा. पलीकडून स्टाफपैकी कुणीतरी एवढंच विचारायचं, "भाऊसाहेब, आज हवामान कसंय?" मी ऑफिसच्या खिडकीतून फाटकाकडं बघायचो अन् सांगायचो. निरभ्र म्हणजे संस्थेच्या सचिव साहेबांची गाडी आलेली नाही. ढगाळ म्हणजे आलीय, पण अजून कुणाला बोलावणं गेलेलं नाही. तिसरा शब्द गारपीट. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चात आमच्याकडं जी गारपीट झाली ती ज्यानं बघितलीय, त्याला पुढं काही सांगावं लागत नाही. गारपीट म्हटलं की माणूस अर्ध्या रस्त्यातून गाडी वळवायचा अन् डोकं दुखतंय म्हणून किरकोळ रजा टाकायचा.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका खाजगी अनुदानित शाळेत कनिष्ठ लिपिक. गावाचं, संस्थेचं नाव घेत नाही. नोकरी अजून त्याच संस्थेत आहे. जून 2006 मध्ये लागलो. लागताना वडलांनी नदीकाठचा एक एकर काढला. त्याला जमीन विकली म्हणायचं नाही, संस्थेला देणगी दिली म्हणायचं. ऑर्डर हातात आली त्या दिवशी साहेबांनी चहा पाजला, वडलांच्या गुडघ्याची चौकशी केली, अन् ड्रॉवरमधून एक कोरा फुलस्केप कागद काढून माझ्यापुढं सरकवला.

"सही कर. अगदी खाली नको, चार बोटं सोड. तारीख टाकू नको."

मी केली. कशासाठी ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, अन् दारात उभे असलेले शिपाई मामा छताकडं बघत राहिले. पुढं ऑफिसच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं आली तेव्हा एका खाकी पाकिटात तसलेच कागद दिसले. माझ्यानंतर लागलेल्या नऊ जणांच्या सह्या तर मीच घेतल्या. "अगदी खाली नको, चार बोटं सोडा," हे मीही सांगायचो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मी कुणी धीट माणूस असल्याचा गैरसमज व्हायला नको.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट कळत नाही. अनुदानित शाळेचा पगार शासन देतं. बिल शालार्थ या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर जातं, वेतन पथकातून पास होतं, पैसे थेट खात्यावर. मग संस्थेच्या सचिवाला एवढं भ्यायचं कशाला? माझा मेहुणा पुण्यात कंपनीत आहे, तो दर दिवाळीला हाच प्रश्न विचारतो. त्याला मी सांगतो, बाबा, पगार सरकारचा असला तरी सही त्यांची. नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता लागते, तिचा प्रस्ताव संस्था पाठवणार. बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी, तिचाही प्रस्ताव संस्थेचाच. पटसंख्या घटली, संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती पदं ते मंजूर होताना, एखादं पद उडालं, तर अतिरिक्त कोण हे ज्येष्ठता यादीवरून ठरतं, अन् ती यादी संस्था करते. सेवापुस्तकं शाळेत असायला पाहिजेत. आमची बंगल्यावर असायची, देवघराशेजारच्या कपाटात. नोंद करायची असली की मी बंगल्यावर जाऊन, चपला बाहेर काढून, बसकरावर बसून करायचो.

साहेबांना संस्था म्हणजे आपली वाडी वाटायची. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात शाळेच्या बोअरला दिवसातून अर्धा तास पाणी यायचं. ते आधी बंगल्याच्या टाकीत, मग शाळेच्या माठात. टाकी भरल्याचा निरोप आला की मामा कॉक फिरवायचे. काही दिवशी निरोप यायचाच नाही. लेकरं घरून बाटल्या आणायची, अन् बाटली संपली की शेजारच्या पानटपरीवर मागायची. मी हे खिडकीतून बघायचो अन् परत शालार्थची बिलं भरायला लागायचो.

फेब्रुवारी 2017 च्या जिल्हा परिषद निवडणुकीत साहेबांच्या घरचं माणूस उभं राहिलं. शाळा सुटली की आम्ही दोन-दोनच्या जोडीनं वाड्या-वस्त्यांवर. गणिताच्या सरांकडं मतदार याद्या, मराठीच्या बाईंकडं हळदी-कुंकू, माझ्याकडं नाश्त्याचा हिशेब. सुशीला नावाच्या नाश्त्यासाठी मुरमुऱ्याची किती पोती लागली ते मला अजून पाठ आहे. उमेदवार पडला. दुसऱ्या दिवशी मीटिंग घेऊन साहेब म्हणाले, "तुमच्या वर्गातल्या लेकरांचे आईबापसुद्धा तुमचं ऐकत नाहीत. मग तुम्ही शिकवता तरी काय?" मुख्याध्यापक सर म्हणाले, "बरोबर आहे."

त्यानंतर महिनाभरात स्टाफरूमला कॅमेरा लागला. चित्र थेट साहेबांच्या मोबाईलवर. तास संपवून घोटभर पाणी प्यायला माणूस बसला की ऑफिसचा फोन वाजणार, "खिडकीजवळची खुर्ची रिकामी दिसायली, कुटं गेले?" कॅमेरा ज्या भिंतीवर होता त्याच भिंतीच्या बुडाशी पाण्याचा फिल्टर होता, अन् तेवढा कोपरा कॅमेऱ्याला दिसत नव्हता. आमच्या स्टाफला त्या वर्षी भयंकर तहान लागायची.

अशा माणसाच्या हाताखाली कोण कसं वागतं हे लिपिकाइतकं कुणाला दिसत नसेल, कारण प्रत्येकाचा कागद त्याच्याच टेबलावरून जातो.

मुख्याध्यापक सर भला माणूस. त्यांची एकच खोड. कुठल्याही वाक्याला आधी "बरोबर आहे" म्हणायचं, मग वाक्य ऐकायचं. 2020 मध्ये निवृत्ती, दोन मुलींची लग्नं व्हायची, अन् पेन्शनचा प्रस्ताव जाणार साहेबांच्या हाताखालून. पर्यवेक्षकांबद्दल फार लिहीत नाही. चहापेक्षा किटली गरम म्हणतात तसला प्रकार. साहेब नुसते खोकले की हे पुड्या बांधायला तयार.

गणिताच्या सरांची तऱ्हा न्यारी. साहेबांनी एकदा रागात फर्मान काढलं, "माझ्या परवानगीबिगर शाळेत एक खडूसुद्धा यायचा नाही." बाकीचे मान खाली घालून गेले. सर दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन आले: "मौजे शाळेतील इयत्ता नववी ब च्या गणित तासिकेसाठी पांढरा खडू, नग एक, मिळणेबाबत." मी आवक नंबर टाकला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रंगीत खडूसाठी वेगळा अर्ज, सोबत 'भूमितीची आकृती' असं कारण. तीन आठवड्यांत चौदा अर्ज झाले तेव्हा साहेबांनीच खडूचं आख्खं खोकं पाठवून दिलं. सर सांगितलेलं अक्षरशः करायचे, त्याच्या पलीकडं काडीइतकंही नाही. पूर्वी हेच सर दहावीच्या लेकरांचे रविवारी जादा तास घ्यायचे, फुकट. ते बंद झाले. साहेबांना त्याचा पत्ताही नव्हता. पत्ता लेकरांना होता.

शिपाई मामा बहिरे झाले. डॉक्टरकडं कधी गेले नाहीत, पण बंगल्यावरची कामं वाढली तसं त्यांना कमी ऐकू यायला लागलं. "मामा, गाडी धुवा" म्हटलं की ते घंटा वाजवायला पळायचे. मराठीच्या बाई समोर "जी साहेब" म्हणायच्या अन् फिल्टरच्या कोपऱ्यात साहेबांची अशी नक्कल करायच्या की हसू दाबताना पाणी नाकात जायचं.

अन् विनाअनुदानित तुकडीवरचे एक तरुण सर होते. आज ना उद्या अनुदान येईल म्हणून नऊ वर्षं जवळपास फुकट राबले. ते कधी कुणाला काही बोलले नाहीत, कशाला नाही म्हणाले नाहीत. एका संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, 'जी साहेब'च्या रांगेखाली, ते ग्रुपमधून बाहेर पडल्याची बारीक राखाडी ओळ आली. मी ती ओळ रात्री तीनदा उघडून बघितली. आता त्यांचं फवारणी पंपांचं दुकान आहे, बरं चालतं.

मी काय केलं? मी टाइप केलं. मेमो, खुलासा मागणी, 'आपणास ताकीद देण्यात येते की'. जिच्या हातचा डबा दुपारी खाल्ला तिचाच मेमो संध्याकाळी टाइप करायचो. साहेब खांद्यावर हात ठेवायचे, "तू घरचा माणूस. पुढच्या जूनला तुला वरिष्ठ लिपिक करतो." असे अकरा जून गेले. बायको म्हणायची, तुम्हाला जून महिना आला की उगंच बरं वाटायला लागतं.

साहेबांचं खरं कसब मात्र आरडाओरडा हे नव्हतंच. आरडाओरडा कुणीही करतो. महिन्या-दोन महिन्यांनी ते एकेकाला एकट्याला बोलवायचे, दार लोटून घ्यायचे अन् आवाज खाली आणून म्हणायचे, "तुमच्यावर तक्रार आहे. कुणाची ते सांगतो, पण तुमच्यापाशीच ठेवा. मी सांभाळून घेतलंय." माणूस बाहेर यायचा तो साहेबांचा उपकार घेऊन अन् सहकाऱ्याबद्दल मनात काटा घेऊन. मला त्यांनी सांगितलं होतं की मी बिलं उशिरा काढतो अशी तक्रार गणिताच्या सरांनी केली. मी वर्षभर सरांच्या नमस्काराला नुसती मान हलवली.

मे 2018. गणिताच्या सरांचे वडील वारले. तेरवीला आम्ही आठ जण एक क्रूझर करून निलंग्याकडल्या त्यांच्या गावी गेलो. येताना सरही आमच्यासोबत परत निघाले, डोक्याचे केस काढलेले. मधे माळावर टायर पंक्चर. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. ड्रायव्हर एका मोटारसायकलवाल्याच्या मागं बसून टायर घेऊन गेला. आम्ही एका लिंबाखाली बसलो. मोबाईलला रेंज नव्हती. एवढे सगळे जण कॅमेऱ्याबाहेर, ग्रुपबाहेर, एका जागी असे आम्ही किती वर्षांत बसलो नव्हतो कुणास ठाऊक.

बराच वेळ उन्हाचं, पेरणीचं बोलणं झालं. मग मराठीच्या बाई एकदम म्हणाल्या, "मामा, एक विचारू का? मी तासाला मोबाईल बघत बसते, असं तुम्ही साहेबांना कामून सांगितलं?"

"म्या? कवा ओ बाई?" मामांना पहिल्या हाकेला ऐकू आलं. त्याकडं कुणाचं लक्षही गेलं नाही.

"साहेबच म्हणले. मामानं सांगितलं, पण मी सांभाळून घेतलं म्हणले."

मामांनी पागोट्याच्या टोकानं तोंड पुसलं. "मला तं म्हनले, बाईनं तुमची तक्रार केली. मामा पाणी आणून देईना म्हून. म्या सांभाळून घेतलं म्हनले."

आधी बाई हसल्या. मग विज्ञानाचे सर म्हणाले, "मला इतिहासाच्या सरांचं नाव सांगितलं होतं." इतिहासाचे सर म्हणाले, "मला तुमचं." मी गणिताच्या सरांकडं बघितलं अन् बिलांचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, नुसता डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "भाऊसाहेब, मी खडूशिवाय आयुष्यात एक अर्ज केला नाही. तुमच्याकडं तर आवक रजिस्टर असतं. तुम्हीच बघा की."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. ही गोष्ट माझ्या डोळ्यासमोर बारा वर्षं होती. आवक रजिस्टरला मीच नंबर टाकतो. स्टाफपैकी कुणाचीही कुणाविरुद्ध तक्रार त्यात नव्हती, एकही नाही. असली असती तर ती माझ्याच हातानं नोंदवली गेली असती. तरी सरांचं नाव ऐकल्यावर मी रजिस्टर उघडून बघितलं नव्हतं. मी तसं सांगितलं. अन् ते सांगताना, जे सांगायचं ठरवलं नव्हतं तेही तोंडातून गेलं.

"अन् सहीचे कोरे कागद तेवीस आहेत."

वाऱ्यानं लिंबोळ्या पडत होत्या तेवढाच आवाज. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाटलं, माझ्या एकटीकडूनच घेतला. माझी ऑर्डर उशिरा निघाली होती ना, म्हणून." विज्ञानाच्या सरांना वाटत होतं, आपली बी.एड.ची मार्कशीट तेव्हा यायची होती म्हणून. इतिहासाच्या सरांना वाटत होतं, देणगीचा शेवटचा हप्ता राहिला होता म्हणून. प्रत्येकानं आपापल्या कमीपणाचं गाठोडं बांधून ठेवलेलं. तेवीस गाठोडी, अन् आत एकसारखा कागद.

ड्रायव्हर टायर घेऊन आला तेव्हा कुणी क्रांतीच्या घोषणा दिल्या नाहीत. उलट गाडीत सगळे गप्प, जरा लाजल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातलं खाकी कव्हर घातलेलं पुस्तक काढलं. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा अन् 1981 ची नियमावली. लिपिकाच्या कपाटात ते असतंच; आम्ही त्यात रजेचे नियम बघतो. मी कलम 7 वाचलं. राजीनामा द्यायचा तर कर्मचाऱ्यानं तो दोन प्रतींत करायचा, दोन्हींवर सही करून तारीख टाकायची, एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर पोस्टानं पाठवायची, दुसरी स्वतःजवळ ठेवायची. मी तीनदा वाचलं. आमचं पाकीट बारा वर्षं या पुस्तकाच्या खालच्याच कप्प्यात होतं. हे कलम लिहिणाऱ्यानं आमच्यासारखी पाकिटं बघितली असणार, त्याशिवाय पोस्टाचा शिक्का मधे घालायचं कुणाला सुचत नाही.

जूनमध्ये इमारत निधीची पाकिटं जमा व्हायची वेळ आली. दरमहा दीड हजार, रोख, सही कुठंच नाही. पाच जणांनी पाकीट देताना पावती मागितली. एकदम नाही, एकेकानं, निरनिराळ्या दिवशी, अगदी नम्रपणे. "इन्कम टॅक्सला दाखवायला होईल, साहेब." साहेब हसले. "घरच्या माणसाला पावती?" जुलैत नऊ जणांनी मागितली. मी मागितली नाही. तेवढी हिंमत नव्हती, खोटं कशाला बोलू. मी फक्त पावती पुस्तक छापून आणू का असं विचारलं, अन् त्यावर जी नजर मिळाली ती घेऊन घरी गेलो.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी बंगल्यावर बोलावणं आलं. साहेब धपाटं-दही खात होते. मला सोफ्यावर बस म्हणाले. बारा वर्षांत त्या घरात मी बसकरावर सोडून कुठं बसलो नव्हतो, त्यामुळं सोफा फार खोल गेल्यासारखा वाटला.

"तो गणिताचा लई शहाणा झालाय. सगळ्यांना फितवायलाय. त्याचा कागद काढ. घरगुती अडचणीमुळे राजीनामा देत आहे, असं टाइप कर. तारीख परवाची."

मी म्हणालो, "आवक नंबर काय टाकू, साहेब?"

"आजचा टाक."

"राजीनामा रजिस्टर पोस्टानं यावा लागतो. पाकिटावर पोस्टाचा शिक्का लागतो. अन् दुसरी प्रत सरांकडं पाहिजे, तिच्यावर त्यांची सही. ती कुठून आणू?"

स्टॅम्प पेपर किती रुपयांचा आणू, हे ज्या आवाजात विचारायचो त्याच आवाजात विचारलं. पाय टीपॉयखाली थरथरत होते. साहेबांचा घास तोंडातच थांबला. दह्याचा एक थेंब बोटावरून मनगटाकडं गेला, तो त्यांनी बराच वेळ पुसला नाही.

"हे कुणी शिकवलं?"

"पुस्तकात आहे, साहेब. कपाटातच असतं."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग म्हणाले, "बरं. जावा, भाऊसाहेब."

बारा वर्षं 'तू' म्हणणारा माणूस 'जावा, भाऊसाहेब' म्हणाला तेव्हाच मला कळलं, आपलं इथलं अन्नपाणी संपलं.

17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं. साहेबांचं भाषण दरवर्षी तेच, पण त्या वर्षी मी पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. निजाम, रझाकार, जुलूम. स्वामी रामानंद तीर्थ मुळात शिक्षक होते, आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, मग अंबाजोगाईला. अन् 1938 च्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. "असे शिक्षक आज आहेत का?" साहेबांनी विचारलं. उन्हात उभ्या ओळीत गणिताचे सर खोकले. लेकरांना बुंदी वाटून झाल्यावर पर्यवेक्षकांनी माझ्या हातात बदलीचा आदेश दिला. संस्थेच्या दुसऱ्या शाळेत, 38 किलोमीटर, सकाळी एकच एसटी. 'प्रशासकीय सोयीस्तव.' माझाच फॉरमॅट, माझीच भाषा, फक्त टाइप दुसऱ्यानं केलेला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं.

गणिताचे सर म्हणाले, शाळा न्यायाधिकरणात जाऊ. मी कलम 9 काढून दाखवलं. कामावरून काढलं, पद खाली आणलं, बढतीत डावललं तर तीस दिवसांत अपील. बदलीचं त्यात नाव नाही. सर चिडले. म्हणाले, तुम्ही पुस्तक वाचायला लागलात हीच चूक झाली.

18 तारखेला मी चार्ज यादी करायला बसलो. लिपिकाची बदली झाली की कपाटातली एकूण एक वस्तू लिहून द्यावी लागते, तीन प्रतींत, अन् ती मुख्याध्यापकांनी सही करून ताब्यात घ्यायची. जनरल रजिस्टर किती, डेडस्टॉक, कॅशबुक, शिक्के, रबर स्टॅम्पचं पॅड एक, वाळलेलं. हे सगळं मोजून लिहिलं. खालच्या कप्प्याशी आलो तेव्हा हात जड झाले. पाकीट उघडलं नाही, आकडा मला पाठच होता. अनुक्रमांक 41 ला लिहिलं: 'कर्मचाऱ्यांच्या सहीचे कोरे कागद, नग 23.'

मुख्याध्यापक सरांनी यादी वाचायला घेतली. ते प्रत्येक ओळीवर बारीक टिक करत खाली येत होते. 39. 40. पेन थांबलं.

"हे लिहायलाच पाहिजे का?"

"कपाटात आहे सर, म्हणून लिहिलं."

त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसावा तसा पँटला पुसला, परत घातला. "बरोबर आहे," म्हणाले. मग कॅमेऱ्याकडं बघितलं, ऑफिसमध्ये कॅमेरा नसताना. "उद्या सकाळी सही करतो. किल्ली राहू द्या माझ्याकडं."

सकाळी गेलो तर त्यांनीच कपाट उघडलं. "41 नंबर मोजा." खालचा कप्पा रिकामा. "नाहीत ना? मग खोडा." मी ओळ खोडली, खाडाखोडीवर दोघांनी सह्या केल्या. मला वाटलं, साहेबांकडं नेऊन दिले असणार. दुसरं काय करतील? मी त्यांना नमस्कारही धड केला नाही. एसटी साडेअकराला होती, ती गेली; दुपारी टेम्पोनं गेलो.

दिवाळीत मराठीच्या बाई भेटल्या तेव्हा कळलं. दर शनिवारी शिक्षकांच्या टाचण वह्या, म्हणजे काय शिकवायचं त्याच्या नोंदवह्या, मुख्याध्यापकांकडं सहीला जातात. मी गेल्यानंतरच्या शनिवारी वह्या परत आल्या तेव्हा प्रत्येक वहीत एक घडी घातलेला जुना फुलस्केप होता. बाईंनी आपली सही ओळखली. बारा-तेरा वर्षांपूर्वीची, तेव्हा त्या आडनाव माहेरचं लावायच्या. वहीत लाल शाईनं नेहमीसारखं 'पाहिले' लिहिलेलं, बाकी शब्द नाही. मामांना टाचण वही नाही, त्यांच्या हातात सरांनी तो कागद दिला अन् म्हणाले, "मामा, बंब पेटवायला घ्या." शाळा सोडून गेलेल्या दोघांचे पोस्टानं घरी गेले. याबद्दल सर कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत. साहेबांपुढं "बरोबर आहे" चालूच होतं.

साहेब आजही सचिव आहेत. इमारत निधी चालू आहे, आता पावती मिळते. पावतीवर संस्थेचा नोंदणी क्रमांक नसतो. दार लोटून "तुमच्यावर तक्रार आहे" हे मात्र बंद पडलं, कारण दार उघडलं की माणूस सरळ फिल्टरपाशी जाऊन ज्याचं नाव ऐकलं त्यालाच विचारायला लागला. गणिताच्या सरांना दोन मेमो मिळाले, त्यांनी दोन्हींचे खुलासे रजिस्टर पोस्टानं पाठवले, शाळेच्या आवारातून शाळेच्या पत्त्यावर. रविवारचे तास परत चालू केलेत. वरिष्ठ लिपिकाचं पद भरलं गेलं, त्याबद्दल नको.

मुख्याध्यापक सर मे 2020 मध्ये निवृत्त झाले. लॉकडाऊन होतं, निरोप समारंभ झाला नाही, शाल-श्रीफळ नाही, भाषणं नाहीत. मी फोन केला. तब्येत, मुलीच्या लग्नाची पुढं गेलेली तारीख, पेन्शनचं काम कुठपर्यंत आलं, असं बोलून झाल्यावर मी ते विचारलंच.

"सर, सगळ्यांना आपापले कागद मिळाले. मला टाचण वही नसते, ते खरंय. पण माझा कुठंय?"

"बरोबर आहे," ते म्हणाले. मग त्यांनी वाक्य ऐकलं असावं, कारण बराच वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "पाकिटात बावीसच होते."